हुप्प्या टोळीत पाहुणाच

फाल्गुन सरता सरता साग ओकाबोका होतो आणि नवापूरकडून चरणमाळ घाटाकडे जाताना दोन्ही बाजूंचे रान आरपार दिसू लागते. पावसाळ्यात ज्यांचा नुसता आवाज येतो, ती वानरे या दिवसांत फांदीफांदीवर मोजता येतात. त्यात मोह फुललेला असतो. पहाटे खाली फुले वेचणाऱ्या बायाबापड्या आणि वर बसून तीच फुले खाणारी टोळी यांचे या हंगामापुरते बरे जमते, कारण वरून निसटते ते खालच्या टोपलीत जाते.

अशा टोळीत नजर आधी जाते ती सर्वांत थोराड नराकडे, म्हणजे हुप्प्याकडे. सगळ्यांना वाटते की टोळी त्याची. आफ्रिकेतल्या डोंगरी गोरिलांच्या फिल्म पाहून हा समज आणखी पक्का होतो. गोरिलांच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. वानरांच्या बाबतीत चित्र उलटे आहे.

वानर कोणते, माकड कोणते

काळे तोंड, करडे अंग आणि अंगाहून लांब शेपटी असेल तर ते वानर. तांबूस तोंडाचे, बसक्या बांध्याचे ते माकड. रंग दिसला नाही तरी खाण्यावरून ओळख पटते. माकडाच्या गालात पिशव्या असतात. शेतात शिरले की दाणे गालात कोंबून ते पळते आणि झाडावर बसून सावकाश चावते. वानराला ही सोय नाही. त्याला जागीच बसून खावे लागते, म्हणून ते हाकलल्यावरही पुन्हापुन्हा परत येते.

पोटात पाने आंबतात

वानराचे मुख्य अन्न म्हणजे पाने, त्यातही कोवळी. जोडीला पळस आणि सावरीची फुले, उंबर, टेंभुर्णी, शेंगा. पानात पोट भरण्यासारखे पुष्कळ असते, पण ते कडक तंतूंत अडकलेले असते आणि बऱ्याच पानांत कडू, विषारी द्रव्येही असतात. वानराचे जठर म्हणूनच अनेक कप्प्यांचे असते. पहिल्या कप्प्यांत असंख्य जिवाणू पाने आंबवतात, बरेचसे विष निकामी करतात आणि मग ते अन्न पुढे सरकते. गाईगुरांच्या पोटातही अशीच रीत असते, फक्त वानर रवंथ करत नाही. कुचल्याची फळे माणसाचा जीव घेऊ शकतात. वानरे ती खाताना पाहिली गेली आहेत.

गोरिलाही पाल्यावर जगतो. रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांत त्याचे जेवण म्हणजे रानटी सेलरी, खाजकुइलीसारखी अंगाला झोंबणारी झुडपे आणि बांबूचे कोंब. पण त्याचे अन्न आंबते ते मोठ्या आतड्यात, म्हणजे पचनाच्या शेवटच्या टप्प्यावर. पूर्ण वाढलेला नर दीडशे किलोच्या वर भरतो आणि दिवसाकाठी वीस किलोच्या आसपास पाला रिचवतो. आपला वानर नर वीस किलोच्या आतच राहतो. दोघांचा दिनक्रम मात्र सारखाच सुस्त: सकाळी खाणे, दुपारी लोळणे, उन्हे उतरली की पुन्हा खाणे. रात्री गोरिला फांद्या-पाला दुमडून दररोज नवे अंथरूण करतो. वानर उंच झाडाच्या फांदीवर बसूनच झोपते; त्यासाठी त्याच्या बुडाला जाड घट्टे असतात.

टोळी माद्यांची

एका टोळीत साधारण पंधरा ते चाळीस वानरे असतात. बऱ्याच ठिकाणी त्यात वयात आलेला नर एकच, बाकी माद्या आणि पोरे. मादी ज्या टोळीत जन्मते तिथेच बहुधा मरते. आई, मावशी, बहीण, लेक अशा नात्यांनी टोळी बांधलेली असते. कोणते उंबर कधी पिकते, वैशाखात कोणत्या नाल्यातला डोह आटत नाही, शेजारच्या टोळीची हद्द कुठून सुरू होते, हे सगळे या माद्यांना ठाऊक असते. शेजारची टोळी हद्दीत घुसली तर भांडायला त्याही उतरतात.

नर पोरे मोठी झाली की त्यांना बाहेरची वाट धरावी लागते. असे बेघर नर एकत्र हिंडतात. कधी पाच-सहा, कधी त्याहून बरेच. त्यांच्यातला एखादा पुढे कुठल्यातरी टोळीतल्या हुप्प्याला हुसकावतो आणि स्वतः हुप्प्या होतो. जोधपूरला वर्षानुवर्षे चाललेल्या निरीक्षणांत हुप्प्याची कारकीर्द सरासरी दोन वर्षांच्या आसपास भरली. काही जण थोड्या दिवसांत पदच्युत झाले, काहींनी बरीच वर्षे काढली. दोन वर्षांचा कारभारी आणि जन्मभराच्या माद्या. मग टोळी कोणाची म्हणायची?

गोरिलांत याच्या बरोबर उलट घडते. तिथे वयात आलेल्या माद्या बहुधा जन्माचा कळप सोडतात आणि एखाद्या रुपेरी पाठीच्या नराच्या आश्रयाला जातात. माद्यांना एकत्र बांधून ठेवणारा दुवा तोच असतो. तो मेला आणि त्याची जागा घेणारा दुसरा नर कळपात नसला, तर कळप फुटतो, माद्या इकडेतिकडे पांगतात. वानरांचा हुप्प्या मेला तरी दुसऱ्या दिवशी टोळी त्याच झाडांवर असते.

माद्यांच्या आपापसातल्या मानपानाची तऱ्हाही वेगळी आहे. माकडांत लेकीला आईखालोखाल मान मिळतो; घराणे चालते म्हणा ना. वानरांत तरण्या मादीचा रुबाब सर्वांत जास्त आणि वय होईल तशी ती खाली सरकते. म्हातारी कडेला बसून खाते. पण पिल्लावर संकट आले तर सगळ्यांत आधी अंगावर धावून जाणाऱ्यांत म्हाताऱ्या असतात, असे माउंट अबूच्या निरीक्षणांत दिसले.

काळे पोर हातोहाती

नवजात पिल्लू आईसारखे करडे नसते. अंग काळपट, तोंड आणि कान गुलाबी, त्यामुळे टोळीत ते लांबूनही उठून दिसते. जन्मल्या दिवसापासून ते हातोहाती फिरते. एखादी तरणी मादी आईजवळ सरकून बसते, आईचे केस विंचरल्यासारखे करते आणि हळूच पोर ओढून घेते. तिला अजून धरायची रीत माहीत नसते. पोर उलटे लटकते, किंचाळते, मग तिसरीच येऊन ते हिसकावते. आई तोवर निवांत पाला खाते. काही महिन्यांत पोराचा रंग करडा होतो आणि त्याच्याभोवतीची गर्दीही ओसरते. माकडीण आपले पिल्लू इतक्या सहज परक्या हाती देत नाही.

हुप्प्या बदलतो तेव्हा

नवा हुप्प्या आला की अंगावरची पिल्ले धोक्यात येतात. धारवाडच्या रानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी नव्या नराने पिल्ले मारल्याची नोंद केली. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी तेच पाहिले. १९७१पासून सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर टोळ्यांचा पाठपुरावा केला आणि १९७७च्या पुस्तकात कारण मांडले: पिल्लू अंगावर पीत असेतो मादी माजावर येत नाही. पिल्लू गेले की ती लवकर माजावर येते आणि थोड्या मुदतीच्या हुप्प्याला स्वतःची संतती होण्याची संधी मिळते.

यावर बराच वाद झाला. हे सगळे गर्दीमुळे बिथरलेल्या वानरांचे विकृत वागणे आहे, असे अनेकांचे म्हणणे होते. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष १९९९ साली आले. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे त्यातून स्पष्ट झाले आणि हर्डी यांची बाजू बळकट झाली. गोरिलांतही नवे नर पिल्ले मारतात. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७मध्ये रवांडात कारिसोके संशोधन केंद्र उभारल्यानंतर तिथल्या निरीक्षणांत असे प्रसंग नोंदले गेले.

वानरांच्या माद्या हे मुकाट सोसत नाहीत. दोघी-तिघी मिळून नराला पिटाळतात, काही जणी पिल्लासह टोळीपासून दूर राहतात, आणि काही गाभण माद्या नव्या हुप्प्यापुढे माजावर आल्यासारख्या वागतात. पुढे जन्मणारे पोर त्याला आपलेच वाटावे, हा त्यामागचा अर्थ लावला जातो. मला तो पटतो.

हूप आणि खोक

सकाळचा घुमणारा हूपचा आवाज हुप्प्याचा. शेजारच्या टोळीला तो हद्दीची जाणीव करून देतो. गोरिलाचे छाती बडवणेही असेच दूरवर पोचते. बिबट्या दिसला की वानराचा आवाज बदलतो: घशातून तुटक, खोकल्यासारखा, थांबून थांबून. नवापूर-डांगच्या पट्ट्यात बिबटे आहेत, आणि हा आवाज ऐकून रानात वावरणारा माणूसही पाऊल मागे घेतो. मध्य भारतात, जिथे चितळ आहेत तिथे, तीही या इशाऱ्यावर कान ठेवून असतात.

तापीची रेघ

नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, हे साऱ्यांना माहीत असते. नवापूरच्या उत्तरेला वाहणारी तापी मात्र त्याहून जुनी सरहद्द आहे. प्राणिशास्त्राच्या जुन्या नकाशांत पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी धरून एक रेघ काढलेली असते. वर आखूड शेपटीचे रीसस माकड, खाली डोक्यावर केसांचा भोवरा असलेले, लांब शेपटीचे टोपी माकड. रीसस ही रेघ पाळत नाही. ते दक्षिणेत सरकते आहे आणि टोपी माकडाची जागा बळकावते आहे, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या पाहणीतून पुढे आले.

वानरांची वाटणीही साधारण याच रेघेवर होते आणि ती शेपटीवरून कळते. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले एम. एल. रूनवाल यांनी हा फरक बारकाईने नोंदला. उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने वळवते. दक्षिणेकडच्याचे टोक मागे झुकते. नवापूर रेघेच्या इतके लगत आहे की टोळी रस्ता ओलांडताना शेपट्या पाहून घेण्यासारख्या असतात.

शेत आणि बिस्किटे

तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यावर आला की टोळी रानातून खाली उतरते. एका सकाळी टोळीने बांधाकडच्या ओळी साफ केल्या तर शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे, मग घरात मारुतीचा फोटो असो नसो. मारणे मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून राखण, फटाके, गोफण यांवर भागवावे लागते.

घाटात गाडी थांबवून वानरांना बिस्किटे टाकणारे प्रवासी हा त्रास वाढवतात. पाने हळूहळू आंबवायला बनलेल्या पोटात साखर आणि मैदा पडला की आंबण्याचा वेग भलताच वाढतो, आम्ल साचते आणि जनावर आजारी पडू शकते. शिवाय रस्त्याकडेला खाणे मिळते हे एकदा माद्यांना कळले की ते त्यांच्या लेकींनाही कळते. हुप्प्या बदलला तरी ती टोळी मग त्या वळणावरून हटत नाही.