टेनिसच्या हिरवळीवरील पहिल्या स्त्रिया

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण, आरोग्य अशा विषयांची चर्चा व्हायची, तेथे टेनिस खेळणाऱ्या बायकांची कथा कशाला? शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर आम्ही आरंभीच देत नाही. ते कथेच्या ओघात आपोआप मिळावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम हा खेळ स्त्रियांच्या हाती आला कसा, ते पाहू. जुन्या काळी टेनिस राजवाड्यातल्या बंदिस्त दालनात, फरसबंदीवर खेळले जाई. हिरवळीवर ते आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याला कारण झाले रबर. चिंध्या-चामड्याचा चेंडू गवतावर उसळत नसे. हवा भरलेला रबरी चेंडू उसळू लागला. गवत सारखे कापणारी यंत्रे तोपर्यंत आली होतीच. १८७४ साली वॉल्टर विंगफील्ड नावाच्या मेजरने या खेळाचे हक्क घेतले आणि रॅकेटी, जाळे व चेंडू एका पेटीत घालून विकायला काढले. पेटी आणायची आणि घरामागच्या हिरवळीवर जाळे बांधायचे, की झाला खेळ सुरू.

घरामागच्या हिरवळीवर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांतील मुलींना हा खेळ खेळता आला तो केवळ त्या जागेमुळे. आपल्याकडे मंगळागौरीच्या रात्री सासुरवाशिणी पदर खोचून झिम्मा-फुगडी घालीत. त्या वेळी त्यांच्या दमाला, चपळाईला आणि हसण्याला कोणी नावे ठेवीत नसे. कारण ते सारे घरात, आपल्या माणसांत चाले. इंग्रज मुलींच्या टेनिसचेही तसेच होते. बाईने खेळावे याला कोणाची फारशी हरकत नव्हती. हरकत सुरू झाली ती गुण मोजायला लागल्यावर, बक्षीस ठेवल्यावर आणि पैसे देऊन लोक पाहायला येऊ लागल्यावर.

विम्बल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली ती फक्त पुरुषांसाठी. डब्लिनच्या आयरिश स्पर्धेत १८७९ सालीच स्त्रियांना प्रवेश मिळाला आणि मे लँग्रिश ही चौदा वर्षांची मुलगी तेथे जिंकली. विम्बल्डनला आणखी पाच वर्षे लागली. १८८४ साली स्त्रियांचे सामने प्रथम झाले, तेव्हा तेरा जणींनी नावे दिली होती. अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला. वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेल गावच्या धर्मोपदेशकाच्या या मुली, मॉड आणि लिलियन वॉटसन. एकोणीस वर्षांच्या धाकट्या मॉडने पहिला सेट गमावूनही थोरलीला ६-८, ६-३, ६-३ असे हरवले. बक्षीस म्हणून मॉडला वीस गिनी किमतीची फुलांची रुपेरी परडी आणि लिलियनला हातआरसा व ब्रश मिळाला. बक्षिसे देणाऱ्यांच्या मनात स्त्रीची कोणती मूर्ती होती, हे या वस्तूंवरूनच कळते.

आता त्यांच्या पोशाखाकडे वळू. हा विषय वरवरचा वाटेल, पण तसा नाही; कारण पोशाखानेच त्या काळी खेळाची पद्धत ठरविली होती. पायघोळ झगा, त्याखाली एकावर एक परकर, कंबर आवळून टाकणारा कॉर्सेट, गळ्यापर्यंत बंद पोलके, लांब बाह्या आणि डोक्यावर टोपी, असा जामानिमा करून खेळायचे. कॉर्सेटने छातीचा भाता नीट फुगत नाही, मग दम लवकर लागतो. हात डोक्यावर नेणे अवघड, म्हणून पुष्कळ जणी सर्व्हिस हाताखालून करीत. झग्याचा घेर पायांत येई, त्यामुळे जाळ्याकडे धावत जाऊन चेंडू अधांतरी टोलविणे साधत नसे. मागच्या रेषेपाशी उभे राहून चेंडू परतवीत राहायचे, एवढाच मार्ग उरे. आणि मग जाणते लोक म्हणत, ‘बायकांना मुळात संथच खेळता येते!’ आधी पाय बांधायचे आणि मग चाल मंद म्हणून दोष द्यायचा, हा न्याय आपल्यालाही अनोळखी नाही.

ही गाठ प्रथम सोडविली ती एका शाळकरी पोरीने. चेशायर परगण्यातल्या बेबिंग्टनच्या, १८७१ साली जन्मलेल्या लॉटी डॉडने १८८७ साली विम्बल्डन जिंकले, तेव्हा तिला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. ब्लँच बिंग्ली या आदल्या वर्षीच्या विजेतीला तिने ६-२, ६-० असे नमविले. लॉटीच्या अंगी कौशल्य होतेच. पण तिला आणखी एक सवलत होती. ती वयाने लहान म्हणून तिचा झगा पोटरीपर्यंतच होता, आणि त्यावर टीका करायचे कोणाला सुचले नाही. समाजाच्या लेखी ती अजून ‘बाई’ झालेली नव्हती. म्हणून तिला धावता आले, चेंडू हवेतच टोलविता आला, डोक्यावरून हाणता आला. विम्बल्डनला ती पाच वेळा खेळली आणि पाचही वेळा जिंकली. १८९३ नंतर, बाविशी गाठण्याआधीच, तिने स्पर्धांचे टेनिस सोडले. पुढे ती इंग्लंडकडून हॉकी खेळली, १९०४ साली ब्रिटनमधील स्त्रियांचे गोल्फचे अजिंक्यपद तिने मिळविले आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येत रौप्यपदक घेतले. पहिल्या महायुद्धात तिने जखमींची शुश्रूषा केली. १९६० साली, विम्बल्डनच्याच दिवसांत, वयाच्या ८८ व्या वर्षी ती वारली.

आता एक प्रश्न निघतो. लहान मुलगी जिंकली, हे ठीक. पण लग्न झाल्यावर काय? येथे इतिहास आपल्याला चकित करतो. ब्लँच बिंग्ली लग्नानंतर मिसेस हिलयार्ड झाली आणि तिच्या सहा विजेतेपदांपैकी पाच लग्नानंतरची आहेत. शेवटचे १९०० साली, छत्तिसाव्या वर्षी. शार्लट कूपर हिची कथा याहून विलक्षण. सव्विसाव्या वर्षापासून तिला ऐकू येईनासे झाले. टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटीवरचा आवाज ऐकून चेंडूच्या वेगाचा अंदाज बांधतात. तो आधारच गेला. तरीही १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती जिंकली आणि वैयक्तिक खेळात ऑलिंपिक विजेती ठरलेली पहिली स्त्री झाली. पुढे ती मिसेस स्टेरी झाली. दोन मुलांची आई असताना, १९०८ साली, ३७ व्या वर्षी तिने पाचव्यांदा विम्बल्डन जिंकले. डोरोथिया लँबर्ट चेंबर्सच्या सात विजेतेपदांपैकी चार लग्नानंतरची आहेत. रॅकेट, मैदान, पोशाख आणि सराव यांविषयी स्त्रियांना सल्ला देणारे पुस्तकही तिने १९१० साली लिहिले.

स्पर्धेच्या त्या वेळच्या नियमाचाही यात वाटा होता, हे सांगितले पाहिजे. गतवर्षीच्या विजेत्याने आधीच्या फेऱ्या खेळायच्या नाहीत. बाकीच्यांतून जो उरेल त्याच्याशी एकच सामना खेळायचा, अशी पद्धत होती. ती १९२२ साली बंद झाली. घरसंसार सांभाळून खेळणाऱ्या विजेतीला या पद्धतीने मोठाच आधार मिळे. पण त्या आधारापर्यंत पोचायला आधी एकदा सगळ्यांना हरवावे लागे, हेही विसरू नये.

१९१९ साली दोन युगे समोरासमोर आली. एका बाजूला चाळीस वर्षांची मिसेस चेंबर्स, लांब झग्यात. दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची फ्रेंच सुझान लेंग्लेन, कॉर्सेट टाकून दिलेला, झगा पोटरीपर्यंत, बाह्या आखूड. सामना पाहायला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी होते. चेंबर्सबाईला विजयासाठी केवळ एक गुण हवा होता, अशी वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा हुकली. लेंग्लेन १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली. तिच्या पोशाखावर वर्तमानपत्रांनी नाके मुरडली, आणि काही वर्षांत साऱ्या मुली तसाच पोशाख करू लागल्या.

येथपर्यंत ऐकून एखादा चोखंदळ श्रोता म्हणेल, ‘ही सारी बड्या घरची कौतुके. ज्यांच्या घरी नोकरचाकर, त्यांनी हिरवळीवर चेंडू टोलवावा. यात कसला आला संघर्ष?’ या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या काळी स्पर्धक हौशी असावा, खेळावर त्याने एक पैही मिळवू नये, असा दंडक होता. हा दंडक दिसायला उदात्त होता, पण त्याचा अर्थ एवढाच की ज्याचे पोट आधीच भरलेले आहे, त्यानेच खेळावे. ही विसंगती उघडपणे बोलून दाखविली ती लेंग्लेननेच. प्रेक्षक तिच्या नावावर गर्दी करीत, तिकिटांचे पैसे क्लबांकडे जात आणि खेळणारीला काहीच नाही. अशा नियमाने फक्त श्रीमंतच खेळू शकतील, असे तिने लिहिले. १९२६ साली ती धंदेवाईक झाली आणि अमेरिकेत पैसे घेऊन खेळली. विम्बल्डनच्या क्लबाने तिला दिलेले मानाचे सभासदत्व काढून घेतले. १९३८ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी, रक्तक्षयाने तिचा अंत झाला.

हा दंडक गरिबाला किती बोचे, हे अल्थिया गिब्सनच्या चरित्रात दिसते. १९२७ साली दक्षिण कॅरोलायनात, कापसाच्या शेतावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर खेळत वाढली. वर्णामुळे तिला मोठ्या स्पर्धांची दारे बंद होती. १९५० साली अॅलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने नियतकालिकातील लेखातून आपल्याच लोकांना खडसावले, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला प्रवेश मिळाला. १९५५-५६ च्या आशियाच्या दौऱ्यात ती भारतातही आली होती. १९५७ साली तिने विम्बल्डन जिंकले आणि राणी एलिझाबेथच्या हातून बक्षीस घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले. पण मानाने भाकरी मिळत नाही. हौशी टेनिस सोडून प्रदर्शनी सामने, गोल्फ असे नाना उद्योग तिला करावे लागले, आणि उतारवयात तर औषधपाण्याचीही भ्रांत पडली. त्या वेळी मदतीला धावली ती अँजेला बक्स्टन, तिची दुहेरीतली जुनी जोडीदारीण. २००३ साली गिब्सन वारली.

आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या लेडी मेहरबाई टाटा पारशी पद्धतीची साडी नेसून टेनिस खेळत आणि पुष्कळ बक्षिसे मिळवीत. साडीने खेळ अडत नाही, हे त्यांनी दाखविले. त्याच मेहरबाई बालविवाहाविरुद्धही बोलत होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मराठी माणसाला विशेष जवळची कथा लीला राव यांची. त्यांचे आजोबा शंकर पांडुरंग पंडित, म्हणजे तुकारामांच्या गाथेचे आणि अथर्ववेदाचे संपादक. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव; सत्याग्रहावर संस्कृत काव्य रचणाऱ्या, तुकाराम-रामदासांची चरित्रे संस्कृतात लिहिणाऱ्या आणि स्वतः टेनिसही उत्तम खेळणाऱ्या. अशा घरातल्या लीलाबाईंनी १९३४ साली विम्बल्डनला इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरविले. तेथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढे त्यांनी भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले. मैदान आणि विद्या यांचे वैर असते, अशी आपली एक समजूत आहे. या मायलेकींनी ती खोटी ठरविली.

पैशाचा हिशेबही पुरा करू. १९६८ साली विम्बल्डन धंदेवाईक खेळाडूंना खुले झाले, तेव्हा विजेत्या पुरुषाला २००० पौंड आणि विजेत्या स्त्रीला ७५० पौंड मिळाले. अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेने १९७३ साली बक्षिसे सारखी केली. विम्बल्डनने तसे केले २००७ साली. रुपेरी परडीपासून सारख्या बक्षिसापर्यंत पोचायला १२३ वर्षे लागली.

आता आरंभीच्या शंकेकडे येतो. मे लँग्रिश चौदाची, लॉटी डॉड पंधराची. आपल्या गावातले कोणतेही मैदान संध्याकाळी पाहा. दहा-अकरा वर्षांच्या मुली मुलांच्या बरोबरीने धावताना दिसतात. तेरा-चौदाच्या फार थोड्या, आणि सोळाची एखादीच. त्यांना कोणी रागावून घरी बसविलेले नसते. अभ्यास वाढलेला असतो, अंधार लवकर पडतो, घरी आईला हाताशी कोणी हवे असते. प्रत्येक कारण आपल्या जागी खरे असते. लॉटीला पोटरीपर्यंतचा झगा जितकी वर्षे चालला, तितकीच वर्षे आपणही मुलींना देतो, आणि मग नकळत झग्याची लांबी वाढवितो. आता तो झगा कापडाचा नसतो, एवढेच.

विम्बल्डन जिंकणारी मुलगी प्रत्येक गावात निपजेल, असे आम्ही म्हणत नाही. व्याख्यान संपल्यावर घरी गेलात की एवढेच करा: मैदानावर जायचे सोडून दिलेल्या आपल्या मुलीला, नातीला किंवा सुनेला, ते का सुटले, हे एकदा विचारा. आणि उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे तिचे एखादे काम आपण करा.