आजीच्या डोळ्यातलं भिंग तिच्याहून मोठं!

आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कधी सोबत गेला असाल, तर डॉक्टरांचं वाक्य आठवत असेल. 'भिंग गढूळ झालंय, काढून नवं बसवू.' पण ते सत्तर वर्षं आरपार राहिलं तरी कसं?

तुमच्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्यातल्या भिंगाच्या पेशीत डीएनए एकच. पुस्तक तेच, उघडलेलं पान वेगळं. भिंगाच्या पेशी जे पान वाचतात, त्यावर क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांची कृती असते. भिंगातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास ९० टक्के हीच!

मग यकृत ते पान का उघडत नाही? जनुकाच्या आसपास डीएनएचे छोटे तुकडे असतात, स्विचसारखे. कोंबडीच्या एका क्रिस्टॅलिनचा स्विच शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासलाय. त्यावर पॅक्स६ आणि सॉक्स२ ही दोन प्रथिनं शेजारी-शेजारी बसावी लागतात. बँकेच्या लॉकरचंच बघा ना, एक किल्ली तुमची, एक बँकेची. पॅक्स६ स्वादुपिंडातही असतं, सॉक्स२ जठरातही. पण म्हणून तिथे काही भिंग तयार होत नाही. (कोंबडीचं ते क्रिस्टॅलिन आपल्या भिंगात नसतं, पण पॅक्स६शिवाय आपलंही पान हलत नाही.)

पॅक्स६ची ताकद किती? १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या पायावर, पंखावर चक्क डोळे उगवले. माशीच्या जनुकाऐवजी उंदराचं पॅक्स६ वापरलं तरी उगवले, आणि तेही माशीचेच! माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी बाळ बुबुळातल्या रंगीत पडद्याशिवाय जन्माला येऊ शकतं.

आता खरी गंमत. भरपूर क्रिस्टॅलिन बनवून झालं की भिंगाच्या आतल्या पेशी आपलं केंद्रकच मोडीत काढतात, कारण प्रकाशाच्या वाटेत कसलाही अडथळा नको. म्हणजे पुस्तकच रद्दीत! पुढे प्रथिन खराब झालं तर नवं बनवायची सोय नाही. ऊन, सिगारेट, मधुमेह यांचा मार वर्षानुवर्षं तिथेच साचत जातो, प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि भिंग धुरकट होतं.

या भिंगाचा अगदी मधला भाग आईच्या पोटातच तयार झालेला असतो. ऑपरेशनच्या दिवशी आजीच्या डोळ्यातून जे बाहेर निघालं, त्याचा गाभा तिच्या बारशाच्याही आधीचा होता.