प्रतीक्षाकाळातील वैवाहिक जोडीदार : कॅनडातील कामाचा परवाना आणि आरोग्य संरक्षण

प्रस्तावना

कॅनडाचा नागरिक किंवा तेथील स्थायी निवासी असलेल्या व्यक्तीशी विवाह झाला म्हणजे जोडीदारालाही तेथे राहण्याचा हक्क मिळाला, असा समज महाराष्ट्रातील अनेक सुशिक्षित कुटुंबांत आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. तेथे असलेल्या जोडीदाराने प्रायोजक म्हणून जबाबदारी स्वीकारावी लागते, स्थायी निवासासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि विवाह खरा आहे याची छाननी होते. या प्रक्रियेला पूर्वी दोन वर्षांपर्यंत काळ लागत असे. डिसेंबर २०१६ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने तो १२ महिन्यांवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मात्र सर्वच प्रकरणांत ते साधले जात नाही.

या प्रतीक्षाकाळात जोडीदाराने पोट कसे भरावे आणि आजारी पडल्यास खर्च कोणी करावा, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत. व्यवहारात हे प्रश्न एकच समजले जातात. ‘वर्क परमिट आले की सगळे मार्गी लागेल’ हे वाक्य नातेवाइकांच्या बोलण्यात सहज येते. परंतु कामाचा परवाना एक शासन देते आणि आरोग्यपत्र दुसरे. या दोहोंमध्ये जी फट आहे तिचा भार मुख्यतः घरी बसलेल्या, विशेषतः गर्भवती, जोडीदारावर पडतो.

अधिकारांची विभागणी

१८६७ च्या संविधान कायद्यातील ९१ व्या कलमाने नागरिकत्व व परकीय व्यक्ती हा विषय केंद्राकडे दिला, तर ९२ व्या कलमाने रुग्णालये प्रांतांकडे सोपवली. ९५ व्या कलमानुसार स्थलांतर हा सामाईक विषय असला तरी तेथे केंद्रीय कायद्याला प्राधान्य आहे. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतही परकीय व्यक्ती संघ सूचीत आणि सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत आहे, त्यामुळे ही मांडणी मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये.

१९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्याने प्रांतांना केंद्रीय निधीसाठी काही अटी घातल्या. प्रत्येक पात्र रहिवाशाला विमा संरक्षण मिळावे आणि त्यासाठीची प्रतीक्षा तीन महिन्यांपेक्षा अधिक नसावी, या त्यांपैकी दोन. ‘रहिवासी’ म्हणजे कायदेशीररीत्या देशात राहू शकणारी, प्रांतात घर करून सामान्यतः तेथेच असणारी व्यक्ती. पर्यटक, तात्पुरता येणारा व पाहुणा यांना त्या व्याख्येतून वगळले आहे. आता पतीच्या किंवा पत्नीच्या घरी कायमचे राहण्यासाठी आलेली, पण पासपोर्टवर पाहुण्याचा व्हिसा असलेली व्यक्ती कोण? रहिवासी की पाहुणा? केंद्रीय कायदा याचे नेमके उत्तर देत नाही. ते प्रत्येक प्रांत आपापल्या नियमांतून देतो.

कामाचा परवाना : एक उघडलेले दार

प्रायोजित जोडीदारासाठी दोन वर्ग आहेत. पहिला कुटुंब वर्ग. त्यात अर्जदार बहुधा देशाबाहेर राहून निर्णयाची वाट पाहतो. दुसरा ‘कॅनडातील पती, पत्नी वा सहजीवनातील जोडीदार’ हा वर्ग. त्यात प्रायोजकासह कॅनडातच एकत्र राहणे आवश्यक असते. पहिल्या वर्गात अर्ज फेटाळला गेल्यास प्रायोजकाला स्थलांतर अपील विभागाकडे दाद मागता येते. दुसऱ्यात तो मार्ग नाही. फेडरल न्यायालयाकडे न्यायिक पुनर्विलोकनाची परवानगी मागणे एवढेच हाती राहते. वर्ग निवडताना हा फरक कित्येकांच्या लक्षात येत नाही.

डिसेंबर २०१४ पूर्वी देशात राहून अर्ज करणाऱ्यालाही पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळेपर्यंत या अर्जाच्या आधारे काम करता येत नसे. शिकलेली, नोकरीची सवय असलेली माणसे अनेक महिने घरात अडकून पडत. २२ डिसेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रायोगिक योजनेने हे बदलले. स्थायी निवासाच्या अर्जासोबतच खुल्या कार्य-परवान्याचा अर्ज करण्याची मुभा मिळाली. खुला परवाना म्हणजे ज्यावर मालकाचे नाव नसते. धारक बहुतेक कोणत्याही ठिकाणी नोकरी करू शकतो, ती बदलूही शकतो. मे २०२३ मध्ये ही सवलत कुटुंब वर्गातील, पण कॅनडात राहत असलेल्या जोडीदारांपर्यंत वाढवण्यात आली. अर्ज परिपूर्ण असल्याची पोच मिळणे आणि तात्पुरत्या निवासाचा वैध दर्जा असणे, किंवा तो पुनर्स्थापित करण्यासाठी अर्ज केलेला असणे, या तिच्या प्रमुख अटी होत्या.

येथे मुदतीचे भान महत्त्वाचे ठरते. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केला असल्यास निर्णय होईपर्यंत पूर्वीचा दर्जा कायम राहतो. मुदत उलटून गेली तर पुनर्स्थापनेसाठी ९० दिवस असतात. प्रायोजकत्वाचा अर्ज दाखल केला म्हणजे व्हिसा आपोआप वाढला, असे मात्र मुळीच नाही.

ही सवलत कॅनडात पोहोचलेल्यांसाठी आहे. भारतीय नागरिकाला तेथे पाहुणा म्हणून जाण्यासाठीही व्हिसा लागतो, आणि कायम राहण्याचा हेतू उघड असलेल्या पत्नीला किंवा पतीला तो नाकारला जाण्याची भीती असते. २००२ पासून अमलात असलेल्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याचे २२ वे कलम असा दुहेरी हेतू अवैध मानत नाही. मात्र परवानगीची मुदत संपल्यावर व्यक्ती देश सोडेल याविषयी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. परिणामी, नाशिक वा कोल्हापूरला बसून निर्णयाची वाट पाहणाऱ्यास खुल्या परवान्याचा उपयोग शून्य.

आणखी एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. निर्धारित डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी झालेली नसल्यास परवान्यावर आरोग्यसेवा, बालसंगोपन आणि शालेय अध्यापन या क्षेत्रांत काम करण्यास मनाई असू शकते. परिचारिका किंवा बी.एड. झालेल्या शिक्षिकेच्या दृष्टीने ही लहान अक्षरांतील अट मोठी असते.

कॅनडात तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्यांच्या किंवा शिकणाऱ्यांच्या जोडीदारांसाठीचे परवाने हा निराळा विषय आहे. २१ जानेवारी २०२५ पासून कठोर झालेले नियम त्यांना लागू आहेत. ते येथे गृहीत धरू नयेत.

आरोग्य संरक्षण : प्रांतागणिक निराळे उत्तर

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तेथील रहिवाशाच्या जोडीदाराचा स्थायी निवासाचा अर्ज विचाराधीन असेल तर प्रांतिक विम्यासाठी पात्रता मिळू शकते. निवास सुरू झालेला महिना संपेपर्यंतचा काळ आणि त्यापुढील दोन महिने एवढी प्रतीक्षा असते.

ऑन्टॅरिओत हे इतके सरळ नाही. १९९४ मध्ये त्या प्रांताने आरोग्य विम्याचे पात्रतानियम आवळले आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा लागू केली. त्या बदलांना समतेच्या हक्काच्या आधारे आव्हान देण्यात आले, परंतु २००१ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. तीन महिन्यांची अट मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, काढून टाकण्यात आली. पात्रतेचा मूळ प्रश्न मात्र राहिला. प्रतीक्षेतील जोडीदाराला तेथे मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, स्थायी निवासाच्या पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्याची पुष्टी केंद्रीय विभागाने देणे. नुसती पोच त्यासाठी पुरत नाही. दुसरी, वैध परवान्यावर ऑन्टॅरिओतील मालकाकडे किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असणे.

म्हणजे खुल्या परवान्यावर मालकाचे नाव नसले तरी आरोग्यपत्रासाठी मालकाचे पत्र लागते. केंद्राने जे बंधन सोडवले ते प्रांताच्या दारात पुन्हा बांधले जाते. अर्धवेळ काम करणारी, नोकरीच्या शोधात असलेली किंवा बाळंतपण जवळ आलेली स्त्री परवाना हातात असूनही विम्याबाहेर राहते. ज्या अवस्थेत रुग्णालयाची गरज निश्चित असते, त्याच अवस्थेत पूर्णवेळ नोकरी मिळवणे सर्वांत कठीण असते, ही या नियमाची खरी विसंगती होय. पाहुण्यांसाठीच्या खासगी विम्यातून आधीपासूनचे आजार आणि बाळंतपण बहुधा वगळलेले असते, त्यामुळे तोही येथे फारसा कामास येत नाही.

काही दिलासा आहे. ऑन्टॅरिओत राहणाऱ्या, पण विमा नसलेल्या स्त्रियांनाही सुईणसेवा शासकीय निधीतून मिळते. ही सुईण म्हणजे आपल्याकडील पारंपरिक सुईण नव्हे; ती विद्यापीठीय शिक्षण घेतलेली, नोंदणीकृत व्यावसायिक असते. सामुदायिक आरोग्य केंद्रेही विमा नसलेल्यांना तपासतात. परंतु शस्त्रक्रिया करावी लागली किंवा अर्भकाच्या जन्मात गुंतागुंत झाली तर रुग्णालयाचे व तज्ज्ञांचे देयक कुटुंबावरच येऊ शकते. साथीच्या काळात विमा नसलेल्या रुग्णांचा खर्च प्रांताने उचलला होता. ती व्यवस्था ३१ मार्च २०२३ रोजी थांबवण्यात आली.

याच संदर्भात केंद्रीय कायद्याचे ३८ वे कलम पाहण्यासारखे आहे. आरोग्यसेवेवर अवाजवी भार पडेल या कारणावरून परकीयाला प्रवेश नाकारता येतो; प्रायोजित जोडीदाराला मात्र हे कारण लागू होत नाही. मधुमेह असो वा मूत्रपिंडाचा विकार, त्याच्या खर्चासाठी पती-पत्नींना विभक्त ठेवायचे नाही, हे तत्त्व विधिमंडळाने मान्य केले. तरीही निर्णय येईपर्यंत त्याच मूत्रपिंडाच्या उपचाराचा खर्च कुटुंबानेच सोसावा, अशी स्थिती काही प्रांतांत उद्भवते.

अवलंबित्व आणि २०१९ ची तरतूद

पैसा, निवास आणि औषधोपचार या तिन्हींसाठी प्रायोजकावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचे घरातील स्थान दुबळे होते. ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१७ या काळात अनेक नवविवाहित प्रायोजितांना स्थायी निवासानंतरही दोन वर्षे एकत्र राहण्याची अट होती. छळ सोसणाऱ्या स्त्रिया तिच्यामुळे घर सोडण्यास घाबरतात, अशी टीका झाली आणि अट रद्द करण्यात आली. निर्णयापूर्वीच्या काळात प्रायोजकाने अर्ज मागे घेण्याची धमकी मात्र आजही परिणामकारक ठरते.

२६ जुलै २०१९ पासून कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या, स्थायी दर्जा नसलेल्या जोडीदारासाठी विशेष तात्पुरता निवास परवाना सुरू झाला. त्याचे शुल्क नाही आणि मुदत किमान सहा महिन्यांची असते. त्यासोबत खुला कार्य-परवाना मिळू शकतो आणि केंद्राच्या अंतरिम आरोग्य कार्यक्रमाचे संरक्षणही मिळते. प्रांताच्या आरोग्यपत्राची वाट पाहावी लागत नाही. निवास, काम आणि उपचार हे तिन्ही हक्क एकाच शासनाकडून एकत्र देता येतात, हे या तरतुदीने दाखवले आहे. सध्या त्यासाठी आधी घरात हिंसाचार घडलेला असावा लागतो.