पावसाळ्यातली लाइन आणि छतावरचे ऊन

मुलचेऱ्याला विजेच्या तारा जंगलातूनच येतात. जूनचा पहिला वादळी पाऊस झाला की कुठेतरी सागाची फांदी तारांवर पडते आणि लाइन जाते. कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. लाइनमनला शिव्या देऊन काही होत नाही. भर पावसात, चिखल तुडवत, तुटलेली तार शोधत त्याला जंगलातून फिरावे लागते, आणि तोही आपल्यासारखाच कष्टकरी माणूस आहे.

माझी एक मावसबहीण याच तालुक्यात राहते. घरकुलाच्या स्लॅबवर तिने सोलरच्या प्लेटा बसवून घेतल्या. वरचे पैसे बचत गटातून उचलले होते. आता पावसाळ्यात अंधार नाही, या आनंदात घर होते. जुलैत एका दुपारी लाइन गेली. पाऊस थांबला होता, ऊन पडले होते, प्लेटा चकाकत होत्या आणि घरातला पंखा मात्र बंद! तिने मला फोन केला, "दादा, वीज माझ्या घरावर तयार होते म्हणतात, मग माझाच पंखा का बंद?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पण बसवून देणाऱ्याने ही गोष्ट तिला सांगितलीच नव्हती. आपल्या वस्त्यांतून अशी फसगत पुष्कळांची होते, म्हणून हा लेख.

सरकारी अनुदानातून घरावर जो सोलर बसतो तो साधारणपणे महावितरणच्या लाइनला जोडलेला असतो. प्लेटांची वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, उरलेली तारेवर जाते आणि नेट मीटर तिचा हिशेब ठेवतो. पण लाइन गेली की हा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. तो चालू राहिला तर घराघरावरची वीज तुटलेल्या तारेत उतरेल आणि दुरुस्तीला आलेल्या लाइनमनचा जीव जाईल.

तेव्हा बिल कमी करणे ही एक गोष्ट आणि लाइन गेल्यावर घरात उजेड असणे ही दुसरी गोष्ट. नागपूर-पुण्याच्या माणसाला पहिली पुरते. मुलचेरा, एटापल्ली, भामरागडकडच्या माणसाला दुसरीचाही विचार करावा लागतो.

विजेची खरी थट्टा याच भागात दिसते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. त्या चंद्रपूरला दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र आहे. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा तिथल्याच खाणींतला, राख आणि धूर तिथल्याच लोकांच्या वाट्याला. आपल्या समाजातील कितीतरी माणसे त्या खाणींत आणि केंद्रात कंत्राटी कामावर राबतात. १९९९ पासून चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्च दाबाची खास वाहिनी आहे. १५०० मेगावॅट वीज तिच्यातून तिकडे जाऊ शकते. एवढ्या दूर वीज बिनबोभाट पोचते आणि शेजारच्या जंगलातल्या गावात लाइन टिकत नाही.

वीज हा गरिबांचा प्रश्न आहे हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज या विषयांचे कामही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज धोरणाच्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योग नसतील तर देशाचे दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. जयंतीच्या भाषणांत त्यांच्या या कामाचा उल्लेख फार थोडा येतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता घराकडे वळू. सोलरचा अर्ज भरण्याआधी घरात वीज कुठे जाते ते पाहावे. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट लागतात. दुकानात ज्याला बीएलडीसी म्हणतात तो पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे ११ युनिट. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. ९ वॅटच्या एलईडीला दीडसुद्धा लागत नाही. दोन पंखे आणि तीन बल्ब बदलले की ८१ युनिटांच्या जागी २६ युनिट. नवा पंखा महाग पडतो हे खरे, म्हणून रात्रभर चालणारा पंखा आधी बदलावा. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपुढच्या युनिटांना दर बराच चढा लागतो. त्यामुळे शंभराच्या आत राहणे हीच मोठी बचत आहे.

पंखा एवढा का चालवावा लागतो? कारण घरकुलाचा स्लॅब. मातीच्या भिंती आणि कवेलूंचे जुने घर उन्हाळ्यात सुसह्य असायचे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. कवेलूंकडे परत जा असे मी म्हणणार नाही. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरणे काय असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक! पण मार्चमध्ये स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले तर पांढरा रंग ऊन परतवतो आणि खोलीतला फरक अंगाला कळतो. खर्च फार नाही, फक्त दरवर्षी करावे लागते.

चुलीबद्दलही बोलायला हवे, कारण घरातली सर्वांत जास्त ऊर्जा तिथेच जळते. सिलिंडर घरात असूनही पुन्हा भरायला पैसे नसल्यामुळे चूल पेटतेच. सरपण जंगलातून येते आणि ते आणायला बहुधा बायाच जातात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सरपण, मोहफूल, तेंदूपान गोळा करताना वाघाच्या हल्ल्यात माणसे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. शिवाय धूर छातीत जातो तो वेगळाच. ज्यांच्याकडे दोन-तीन जनावरे आहेत त्यांना एक घनमीटरचा गोबर गॅस जमण्यासारखा आहे. रोज सुमारे २५ किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. उरलेला काला शेताला उत्तम खत. जनावरे नाहीत त्यांनी निदान धुराडे असलेली सुधारित चूल बसवावी. सरपण कमी लागते, म्हणजे जंगलातल्या खेपा कमी होतात.

आता सोलरचे पैसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. महिन्याला शंभरच्या आत युनिट वापरणाऱ्या कुटुंबांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना जाहीर केली. तीत एका किलोवॅटसाठी राज्याकडून आणखी भर पडते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला १५,००० रुपये, इतरांना १०,००० रुपये. एका किलोवॅटचा खर्च ५०,००० रुपये धरला तर आपल्यासारख्या कुटुंबाने पदरचे अडीच ते पाच हजार घालायचे. लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असल्याने जागा शिल्लक आहे का, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारावे. जातीचा दाखला काढून ठेवावा. वीजमीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी ते नाव बदलून घ्यावे. पुष्कळ अर्ज इथेच अडतात.

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. घरकुलाच्या २६९ चौरस फुटांत ती निघते. प्लेटांचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे २० अंशांचा ठेवावा. चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. अंगणातल्या मोहाची सावली एका प्लेटवर पडली तरी सगळ्यांचे उत्पादन घटते. त्यासाठी मोह तोडू नका, जागा बदला. आणि "बिल शून्य" असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

लाइन गेल्यावरच्या उजेडाला मात्र बॅटरी लागते आणि तिला वेगळे अनुदान नाही. मोठा हायब्रीड इन्व्हर्टर परवडत नसेल तर लाइनशी संबंध नसलेला छोटा संच वेगळा बसवावा: २०० वॅटची एक प्लेट, चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची १०० एएच बॅटरी. तीन एलईडी आणि १२ व्होल्टवर चालणारा एक बीएलडीसी पंखा मिळून ५७ वॅट होतात. आठ तासांना अर्धा युनिटही लागत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीत सव्वा युनिटाच्या आसपास वीज असते आणि ती निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे एक रात्र निभते, मुलांचा अभ्यास होतो, मोबाईल चार्ज होतो. साध्या शिशाच्या बॅटरीत दर महिन्याला डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहायची. गावोगावचे सौर दिवे बंद पडलेले दिसतात, त्यात बहुधा प्लेट शाबूत असते आणि बॅटरी मेलेली असते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी तिच्यात कधीही घालू नये.

बहिणीने या वर्षी होळीनंतर असा छोटा संच बसवला. बॅटरीच्या पाण्याचे काम तिने आठवीतल्या मुलीकडे दिले आहे. मुलगी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झाकणे उघडून पाहते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. जूनच्या वादळात लाइन गेली तेव्हा शेजारच्या तीन घरांतले मोबाईल त्यांच्याकडे चार्जिंगला होते.