हरळीच्या मुळाशी पाण्याची सुई

मोहिलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती निघाल्यामुळे येत्या मंगळवारी पाणीपुरवठा बंद राहील, हे महापालिकेचे निवेदन आंबिवली-टिटवाळ्याच्या रहिवाशांच्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते पुरते वाचून होण्यापूर्वीच घरोघरची पिंपे भरलेली असतात. आणि अशाच दिवसांत खारघरच्या सिडकोच्या गोल्फ मैदानाच्या किंवा १९२७ साली स्थापन झालेल्या चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्या हिरवळी नजरेस पडल्या, म्हणजे हे पाणी कोणाच्या वाट्याचे, असा प्रश्न मनात उभा राहतो. प्रश्न रास्त आहे. परंतु हिरवळीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पाण्याच्या तुटवड्यात नसून, घातलेले पाणी मुळांपर्यंत पोहोचतच नाही यात असते, ही गोष्ट क्वचितच कोणी ध्यानात घेतो.

गोल्फचा चेंडू ज्यात पाडायचा त्या जेमतेम १०८ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, दिवसभर माणसांची वर्दळ आणि पहाटे कापणीयंत्राचे वजन, यांखाली जमीन दडपली जाऊन तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात. शिवाय वाळूवर रचलेल्या ग्रीनमध्ये कुजलेल्या काडीकचऱ्यातील मेणचट द्रव्य वाळूच्या कणांवर चढते आणि मग अळवावरच्या पाण्याप्रमाणे थेंब वरच्या वर घरंगळून जातात; भोवतालचे गवत टवटवीत असताना मध्येच एखादा चट्टा करपलेला दिसतो, तो याच कारणाने.

यावरचा जुना इलाज म्हणजे पोकळ सळ्यांनी मातीच्या गुल्ल्या उपटून काढणे. तो गुणकारी खरा, पण त्यानंतर काही दिवस ग्रीनला देवीचे व्रण उठल्यासारखे रूप येते आणि क्लबाचे सभासद कुरकुरतात. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे संशोधक पॉल रीकी यांचे महत्त्व येथे आहे. सळ्या ठरावीक खोलीपर्यंत पुनःपुन्हा खुपसल्याने वरची माती सैल होत असली तरी त्या खोलीच्या खाली नवाच कठीण थर बसू शकतो, हे त्यांच्या विद्यापीठातील संशोधनाने दाखवून दिले होते. आणि १९९० च्या सुमारास टोरो कंपनीचे हायड्रोजेक्ट यंत्र आले, तेव्हा त्याची कसून परीक्षा घेणाऱ्यांत रीकी अग्रभागी होते. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३४० पट दाबाने, क्षणार्धाच्या ठोक्यांनी सुटणारी पाण्याची बारीक धार चार ते आठ इंच खोल जाते; पृष्ठभागावर जेमतेम टाचणीएवढे भोक दिसते, आणि खाली मात्र माती फुटून भेगाळते. सकाळी यंत्र फिरवावे आणि दुपारी खेळ सुरू करावा, अशी ही सोय आहे.

मला या युक्तीचे मनःपूर्वक कौतुक वाटते, पण तिच्या नावाने चाललेला उदोउदो पटत नाही. ही धार माती बाहेर काढीत नाही, त्यामुळे वर साचलेला काडीकचऱ्याचा थर जागच्या जागी राहतो. मेणचट कणांसाठी पाण्यात आर्द्रकारक द्रव्य मिसळावेच लागते. आणि सूक्ष्म तोट्या तुंबू नयेत म्हणून गाळलेले पाणी हवे. उल्हास नदीला जलपर्णीने वेढा घातला की पालिकेच्या पंपांचीही जी त्रेधा उडते, ती पाहिलेल्या माणसाला या अटीचे गांभीर्य निराळे सांगावे लागू नये.

गंमत अशी, की उष्ण प्रदेशातील गोल्फची बहुतेक मैदाने ज्या बर्म्युडा गवतावर उभी आहेत, ती आपली हरळीच. टिटवाळ्याच्या महागणपतीला दूर्वा म्हणून वाहिली जाणारी आणि शेतकऱ्याने कुळवाच्या फासाने पिढ्यान्पिढ्या खणून काढली तरी पुन्हा उगवणारी. तिला जगवण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तो केवळ आपण तिला काही मिलिमीटर उंचीवर छाटून तिच्या माथ्यावर अहोरात्र चालतो म्हणून.

आंबिवलीसारख्या गावच्या सार्वजनिक मैदानांसाठी असले यंत्र मागवण्याची तजवीज कोणी करू म्हणेल, तर माझी शिफारस निराळी आहे. पावसाळ्यात माती ओली असताना मालमोटारी आणि मांडवाचे सामान मैदानात उतरवू न देण्याचा एक सक्त हुकूम काढावा, कारण ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी लवकर दडपते. आणि पाऊस ओसरून जमीन वाफशावर आली, की लोखंडी पहारींनी ती ठिकठिकाणी टोचून भोकांत भरड वाळू भरावी. चार मजूर आणि एक ट्रॉली वाळू, इतक्या खर्चाला मंजुरी देण्यासाठी सर्वसाधारण सभेचीही गरज पडू नये.