गाडीतल्या तबकड्या

अमेरिकी कंट्री गायिका लॉरेटा लिनची गोष्ट सांगताना सगळेजण सतरा डॉलरच्या गिटारपाशी रेंगाळतात. नवऱ्यानं सीअर्स या दुकानातून आणलेली हार्मनी कंपनीची गिटार, आणि पदरात मुलं असताना ती आपली आपण वाजवायला शिकलेली ही पोर. गोष्ट खरी आहे. पण गोड गळा ते तबकडी हे अंतर केवढं असतं, आणि निघालेली तबकडी लोकांच्या कानांवर पडेपर्यंत आणखी किती चालावं लागतं, हे कळायचं तर त्या नवराबायकोच्या जुन्या मोटारीकडे पाहायला हवं.

केंटकीच्या पूर्वेला, कोळशाच्या डोंगरांत, बुचर हॉलो नावाची एक चिंचोळी घळ आहे. तिथे १४ एप्रिल १९३२ रोजी लॉरेटा वेब जन्मली. आठ भावंडांतली दुसरी. वडील टेड वेब व्हॅन लिअरच्या कोळसा खाणीत कामाला. घरी वीज नव्हती, पण बॅटरीवरचा रेडिओ आला आणि शनिवारची रात्र त्याच्यासाठी राखली गेली. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून १९२५ पासून दर शनिवारी ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम लागे. पन्नास हजार वॅटचं ते केंद्र रात्री शेकडो मैलांवर ऐकू जाई. त्या घळीतल्या मुलीला बाहेरचं जग आधी असं कानांनी भेटलं.

लग्नाच्या वेळी ती तेरा वर्षांची होती, असं तिचं आत्मचरित्र आणि त्यावरचा सिनेमा सांगतात. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं सरकारी दप्तरातले दाखले काढले, तेव्हा जानेवारी १९४८ मध्ये ती पंधरा वर्षांची असल्याचं दिसलं. या दोन वर्षांनी मला तरी काही फरक पडत नाही. पंधराव्या वर्षी संसाराला जुंपलेली पोर ती पोरच. नवरा ऑलिव्हर लिन, लोकांचा ‘डूलिटल’, तिला घेऊन गेला तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी. तिथे परक्यांची धुणीभांडी, स्वयंपाक, हंगामात स्ट्रॉबेरीची तोडणी, आणि विशी गाठेपर्यंत मुलांचं लेंढार.

हा डूलिटल पेचात पाडणारा माणूस आहे. दारू, भांडणं, बाहेरख्यालीपणा, यातलं काही लॉरेटानं झाकलं नाही. पण मुलांना निजवताना तिच्या गळ्यातून निघणारं गाणं त्यानंच हेरलं, गिटार त्यानंच आणली, आणि लाजेनं चूर झालेल्या बायकोला गावातल्या वाद्यवृंदापुढे त्यानंच ढकललं. यातलं एक सांगून दुसरं गाळलं तर तिच्यावर अन्याय होतो.

त्याच राज्यातल्या टॅकोमा शहरात, गायक बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायली. लाकडाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या नॉर्म बर्ली नावाच्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि तिचं गाणं बाहेर यावं म्हणून ‘झीरो रेकॉर्ड्स’ ही छोटी कंपनी उभी केली. फेब्रुवारी १९६० मध्ये करार झाला, आणि हॉलिवूडच्या वेस्टर्न रेकॉर्डर्स स्टुडिओत चार गाणी मुद्रित झाली. चारही तिचीच. साथीला स्पीडी वेस्ट यांची स्टील गिटार होती. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार ज्यांच्या कानात आहे, त्यांना तारेवरून घसरत जाणाऱ्या त्या सुराचा रडका गोडवा वेगळा सांगायला नको. ‘आय एम अ हॉंकी टॉंक गर्ल’ हे त्यांतलं गाणं तबकडीच्या एका बाजूला आलं, ‘व्हिस्परिंग सी’ दुसऱ्या बाजूला.

तबकडी सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. ती निघाली, पण वाजवणार कोण? कंपनीकडे ना वितरक, ना जाहिरातीला पैसा. रेडिओवर काय लागायचं ते निवेदकाच्या हाती, आणि नेमक्या त्याच फेब्रुवारीत, निवेदकांना पैसे चारून गाणी वाजवून घेतल्याच्या प्रकरणावर अमेरिकी संसदेत सुनावण्या सुरू झाल्या होत्या. या नवराबायकोकडे चारायला काही नव्हतंच. तबकड्या टपालानं पाठवल्या आणि मग दोघं मोटारीत बसून निघाली. जेवण म्हणजे पाव, चीज आणि स्वस्तातलं मांस. झोपही गाडीतच. वाटेत रेडिओ केंद्र दिसलं की थांबायचं, चांगला झगा अंगावर चढवायचा, तबकडी हातात घेऊन आत जायचं आणि ती लावा म्हणून विनवायचं. एक केंद्र झालं की झगा उतरवून पुढचं गाव. त्या एका झग्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. गाणं रेडिओवरून ऐकू जाणार, गाणारी कुणाला दिसणार नाही. तरी निवेदकासमोर नीटनेटकं जायलाच हवं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत ते गाणं चौदाव्या क्रमांकावर पोचलं. १५ ऑक्टोबर १९६० रोजी ती ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली, जी जागा तिनं तोवर फक्त ऐकली होती.

पुढे विलबर्न बंधू या गायक भावांनी तिला हाताशी धरलं. त्यांनी नमुन्यादाखल मुद्रित केलेलं एक गाणं डेक्का या तबकडी कंपनीचे निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्या मनात भरलं, पण गायिका ब्रेंडा लीसाठी. लॉरेटाचा आवाज त्यांना आधीची कंट्री गायिका किटी वेल्सची सावली वाटला. गाणं हवं तर हिलाही करारात घ्या, असा सौदा ठरला. बर्लींनी तिला झीरोच्या करारातून मोकळं केलं. १९६२ मध्ये तिचं ‘सक्सेस’ हे गाणं कंट्री यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं.

या सौद्याची दुसरी बाजू यशाच्या गोष्टींत सहसा येत नाही. विलबर्न बंधूंच्या प्रकाशन संस्थेशी केलेल्या करारानं तिच्या गाण्यांचे हक्क बांधले गेले. ते सोडवायला ती पुढे वर्षानुवर्षं कोर्टात भांडली आणि हरली. सत्तरच्या दशकात तिनं लिहिणं थांबवलं, त्याचं कारण हेच. ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा कंट्री म्युझिक असोसिएशनचा मान १९७२ मध्ये तिला मिळाला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री. नेमक्या त्या भरात तिची लेखणी अडावी, याची हळहळ वाटते.

‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं मात्र तोवर लिहून झालं होतं. बापाची खाण, आईची धुणी, घरातली गरिबी, असं सगळं त्यात आहे. मूळ गाणं दहा कडव्यांचं. लांबतंय म्हणून ब्रॅडलींनी चार काढायला लावली. १९७० च्या डिसेंबरात ते पहिल्या क्रमांकावर होतं. काढलेली चार कडवी कुठेच राहिली नाहीत. आणि टेड वेब १९५९ मध्येच गेले होते. लेकीची पहिली तबकडी निघाली, तेव्हा शनिवारी रेडिओपाशी बसून ती ऐकायला ते नव्हते.