कॅमेऱ्यावर नाव घालताना
धातूवरची अक्षरे : लेखांक 11

कॅमेऱ्यावर हाताने नाव किंवा वेलबुट्टी कोरायची म्हटली की आधी धातू ओळखावा लागतो. कोरणी धरेल की घसरेल, कोरलेले अक्षर काही वर्षांनी उजळ दिसेल की त्याच्या कडेने फोड उठतील, हे सगळे टॉप प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याचे वरचे झाकण, कशाची आहे यावर ठरते. या आठवड्यात मीनाकारीचा भाग ठरला होता, तो पुढे ढकलला आहे. बिदरीवरचा मागचा लेखांक वाचून दुबलगुंडीच्या एका वाचकाने विचारले आहे, की घरातल्या जुन्या कॅमेऱ्यावर बिदरी पद्धतीने, चांदीच्या तारेत, नाव घालता येईल का? प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देण्यासारखे नाही, आणि ते शोधताना जस्ताची एक सुंदर गोष्ट हाती लागते.

जुन्या चांगल्या कॅमेऱ्यांची टॉप प्लेट बहुधा पितळेची असे. 1954 सालचा लायका एम3 हे त्याचे नामांकित उदाहरण. पितळी पत्रा दाबून किंवा घडवून आकार द्यायचा आणि त्यावर क्रोमचा मुलामा किंवा काळा रंग चढवायचा, अशी रीत होती. काळा रंग वापरून वापरून कडांना झिजला की खालचे पिवळे पितळ दिसू लागते. शौकिनांना ही झीज फार प्रिय. पितळ कोरणीला धार्जिणे आहे. ते तुटत नाही, चिकटत नाही, आणि कोरणी नीट धारेची असेल तर कापलेली बाजू आरशासारखी चमकते.

झेनिटसारख्या काही सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या टॉप प्लेट ॲल्युमिनियमच्या आहेत. हा धातू मऊ, पण कोरणीच्या टोकाला चिकटतो. टोक बारीकसे जरी बोथट झाले तरी रेघ फाटल्यासारखी उमटते. कॅनन एई-1 हा 1976 चा कॅमेरा दिसायला पुरता धातूचा. प्रत्यक्षात त्याची टॉप प्लेट एबीएस प्लॅस्टिकची आहे आणि वर धातूचा पातळ मुलामा आहे. पेंटॅक्स के1000 ची गंमत आणखी वेगळी : आधीच्या नगांवर पितळ, नंतरच्या नगांवर प्लॅस्टिक. नाव एकच असले तरी अंगकाठी वेगळी. प्लॅस्टिकवर हातकोरणीचा हट्ट धरू नये. मुलामा पापुद्र्याने निघतो.

धातू ओळखायला लोहचुंबक कामाचा नाही, कारण पितळ, जस्त, ॲल्युमिनियम यांपैकी कशालाच तो चिकटत नाही. फ्लॅश बसवायच्या खाचेच्या आतल्या कडा पाहाव्यात. तिथे मुलामा सर्वांत आधी झिजतो. पिवळा रंग दिसला तर पितळ. खात्री हवी असेल तर कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडून टॉप प्लेट उतरवून आतली बाजू पाहावी. पितळी पत्रा आतून पिवळा आणि एकसारखा जाड असतो. ओतीव जस्त करडे दिसते आणि साच्यातून बाहेर ढकलताना पडलेले गोल ठसे त्यावर राहिलेले असतात.

अशा जस्ताचे नामांकित उदाहरण म्हणजे लायकाचा एम6. 1984 साली आलेल्या या कॅमेऱ्याची टॉप प्लेट पितळेऐवजी ओतीव जस्ताची होती. पुढे कित्येक नगांवर मुलाम्याखाली बारीक फोड उठले. पितळेपेक्षा जस्त चटकन गंजते. घामातला खार आणि हवेतली ओल यांना मुलाम्यात सुईच्या टोकाएवढी वाट मिळाली तरी पुरे. आत गंज धरतो, फुगतो आणि वरचे क्रोम उचलतो. 2022 मध्ये एम6 पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याची टॉप प्लेट पितळेची केली गेली. अशा जस्ताच्या कॅमेऱ्यावर कोरायचे म्हणजे गंजाला आपल्या हाताने दार उघडून द्यायचे. जुन्या एम6 वर कोरणी चालवू नये, हा नियम इथे पक्का समजावा.

पण हेच जस्त बिदरमध्ये शोभा होऊन बसले आहे. बिदरीचा धातू म्हणजे साधारण 16 भाग जस्त आणि 1 भाग तांबे. काम पूर्ण झाले की वस्तू हलकी तापवून तिला किल्ल्यातल्या जुन्या मातीचा आणि नवसागराचा लेप चोळतात. जस्ताचा पृष्ठभाग काळाभोर होतो, चांदी तशीच पांढरी राहते. वरून तेलाचा हात फिरवला की काळा रंग खोल होतो. खाराने धातूवर चढलेला थर कॅमेऱ्यावर दोष ठरतो. बिदरच्या कारागिराने तोच खार मोजून, वेळ साधून आणि तेलाने आवरून त्याची कला केली. त्यातही तांब्याचा तो एक भाग महत्त्वाचा, कारण नुसत्या जस्तावर असा काळा रंग चढत नाही. ओतीव जस्ताच्या यंत्रभागांत सहसा ॲल्युमिनियम मिसळलेले असते, म्हणून त्यांवर बिदरीचा लेप तसाच उठेल असे धरून चालता येत नाही.

तेव्हा दुबलगुंडीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर : कॅमेऱ्याच्या अंगावर थेट बिदरी होत नाही. ओतीव बिदरी भांड्याला चांगली जाडी असते. त्यात छिन्नी-हातोडीने खाच पाडून चांदीची तार ठोकून बसवता येते. टॉप प्लेटचा पत्रा फार पातळ असतो. हातोडीचा मार लागला की पोचा येतो, आणि झाकण जरा वाकले तरी त्याखालचे रेंजफाइंडर किंवा मीटर नीट बसत नाही.

दुसरे उत्तर आशादायक आहे. बिदरीचा छोटा बिल्ला वेगळा करून घ्यावा आणि तो कॅमेऱ्याला लावावा. फ्लॅशच्या खाचेत सरकणारी पट्टी, शटरच्या बटणावर फिरवून बसवायची गोल टिकली, लेन्सच्या टोपणावरची चकती : या तिन्ही जागा नावाला पुरेशा आहेत. हुमनाबादवरून बिदरला जावे, चौबाऱ्याजवळच्या कारागिरांना भेटावे आणि अक्षर कागदावर काढून न्यावे. ओतलेली चकती कानशीने घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे टोचणीने काढलेली रेघ त्यावर पांढरी उठून दिसते. मग कलमाने खाच, खाचेत तार, पुन्हा घासणे, आणि शेवटी माती. बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि या कलेतले शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पण तिथल्या कारागिरांना छोटे कामही तितक्याच निगुतीने करायची सवय आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. फ्लॅशच्या खाचेत विजेचा बिंदू असेल तर धातूच्या पट्टीला खालून कातडे किंवा कागद चिकटवावा, नाहीतर जोड एकमेकांना टेकतात.

पितळी कॅमेऱ्यावर थेट कोरायचे तर काम या क्रमाने होते. टॉप प्लेट उतरवून बाकीचा कॅमेरा बंद डब्यात ठेवतात. जोडलेल्या कॅमेऱ्यावर कोरणी चालवणे घातकच. पितळेचा एक कीस शटरमध्ये गेला तर पडदा अडकतो. उतरवलेली प्लेट खालून राळ किंवा लाख भरून लाकडावर बसवतात, म्हणजे पत्र्याला पाठीशी आधार मिळतो. वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन पेन्सिलीने अक्षर काढतात. मग कोरणी तळहाताने ढकलत नेतात. वळण घेताना हात फिरत नाही, खालचे काम फिरते. वाळूच्या चामडी उशीवर ठेवलेला ठोकळा डावा हात हळूहळू वळवतो. क्रोम कठीण असल्याने पहिल्या कापात टोक वारंवार बोथट होते. सहाणेवर धार लावण्यातच कामाचा मोठा वेळ जातो.

भांड्यांवर नावे घालायची आपल्याकडची चाल सर्वांना ठाऊक आहे. लग्नातल्या पितळी पातेल्यावर दुकानदार छिन्नीचे बारीक बारीक ठोके देत 'यांजकडून सप्रेम भेट' लिहीत असे. पुढे विजेची पेन आली आणि रेघेऐवजी ठिपके आले. त्या अक्षरात गोडी आहे, पण ठोक्यांची रेघ जवळून पाहिली तर दातेरी दिसते. ढकलून कापलेली रेघ अखंड असते, मधे जाड आणि टोकाला केसासारखी होत जाते.

देवनागरीत खरी परीक्षा शिरोरेषेची. लॅटिन लिपीतले अक्षर सुटे असते, एक बिघडले तरी शेजारचे सावरून घेते. शिरोरेषा मात्र नावभर सरळ धावते आणि तिच्यातला हाताचा थोडासाही कंप लगेच डोळ्यांत भरतो. अक्षरे फार लहान असली तर 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्या गाठी भरून जातात. म्हणून कॅमेऱ्यावर नाव आखूड घ्यावे आणि जोडाक्षरे टाळता आली तर टाळावीत.

जागा निवडताना तळाची प्लेट सर्वांत सोयीची. ती सपाट असते, एका किल्लीने किंवा दोन-चार स्क्रूंनी सुटते आणि बिघडली तर दुसरी मिळू शकते. टॉप प्लेटवर कोरायचेच असेल तर कारखान्याच्या नावाला आणि अनुक्रमांकाला धक्का लावू नये. परदेशी जाताना कस्टमकडून कॅमेऱ्याचे निर्यात प्रमाणपत्र घेतले तर परतताना नग तोच असल्याचे क्रमांकावरून पटते. संग्राहकही आधी क्रमांकच पाहतात. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांवरची मूळ अक्षरे काढून लायकाचे नाव आणि जर्मन हवाईदलाची खूण कोरलेले बनावट नग बाजारात एवढे झाले, की नव्या कोरणीकडे संशयानेच पाहिले जाते. मालकाच्या नावाने कॅमेऱ्याची विक्रीची किंमत सहसा घटते. हे आधीच मान्य करावे आणि ज्या कॅमेऱ्याने जन्मभर सोबत करायची आहे त्यालाच कोरणी लावावी.

कोरून झाल्यावर राळ काढतात, प्लेट रॉकेलने धुतात आणि कापलेल्या रेघेत काळा किंवा पांढरा एनॅमल भरतात. कारखान्याची अक्षरेही अशीच भरलेली असतात. रेघ पितळी ठेवायची तर वर पातळ लॅकर द्यावे, नाहीतर घामाने काही महिन्यांत ती तपकिरी पडते. बिदरी बिल्ल्याला लॅकर लागत नाही. अधूनमधून खोबरेल तेलाचे बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसले की पुरते. मीनाकारी पुढच्या आठवड्यात.